सेवापुस्तिका नसलेली सेवा

चतुर्थीला महिनाभर असताना डिचोलीहून मावसबहिणीचा फोन आला. "रविवारी येऊन जा. तुझ्या भाचीच्या डोक्यात भूत शिरलंय, तूच काय ते समजाव." आमच्या गोतावळ्यात मी शिकलेला म्हणून ओळखला जातो. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि सरकारी खात्यात कारकून म्हणून चिकटलो, एवढ्याच भांडवलावर ही ख्याती टिकून आहे. कुणाच्या मुलाने कुठला फॉर्म भरावा, रहिवासी दाखल्याला काय काय जोडावं, हे सगळं मला विचारतात. तर गेलो.

भूत म्हणजे काय, तर बारावी होऊन दोन वर्षं एल.डी.सी.च्या परीक्षा देऊन कंटाळलेल्या मुलीने जनरल ड्यूटी असिस्टंट नावाच्या कोर्सला नाव घातलं होतं. नाव भारदस्त आहे, काम मात्र सरळ आहे. नर्सच्या हाताखाली राहून रुग्णाचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, कूस बदलायची, बेडपॅन द्यायचं, चालवायचं आणि काही वेगळं दिसलं तर नर्सला सांगायचं. अमेरिकेत ह्याच कामाच्या माणसाला सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट म्हणतात. आपल्या तोंडी ह्यासाठी दोनच शब्द आहेत. हॉस्पिटलात "आया" आणि घरात "बाई".

सोप्यावर बैठक भरली होती. मेव्हणे, त्यांचे थोरले भाऊ, शेजारचे एक निवृत्त मास्तर. थोरल्यांनी तोंड उघडलं ते असं : "लोकांचें गू-मूत काडपाक तिका बारावीमेरेन शिकयली?" मास्तर सौम्यपणे म्हणाले, काम वाईट नाही हो, पण आपल्यातल्या मुलींचं नव्हे. बहीण दाराआडून म्हणाली, "लोक कितें म्हणटले?" आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. म्हटलं, पुढच्या भरतीपर्यंत थांब. कॉम्प्युटरचा एखादा कोर्स कर. सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, आजोबांच्या पाठीला जखम झाली तेव्हा तुम्ही कुणाला शोधत होता?"

२०२२ च्या पावसात माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता फक्त माया हवी. माया भरपूर होती. आई होती, बायको होती, मी रजा काढली होती. रजा संपली तेव्हा एका ब्यूरोला फोन केला. "नर्स पाठवतो" म्हणाले. महिना २२,००० रुपये, चोवीस तास, राहून. आली ती झारखंडची एक पंचविशीतली पोर. स्वभावाने सोनं. दुसऱ्याच दिवशी तिने आईला सांगून टाकलं की ती नर्स नाही, याआधी ती एका घरात लहान मूल सांभाळायची. तिच्या हातात १४,००० पडायचे. उरलेले ८,००० कशाचे, हे ब्यूरोवाल्यांना विचारायचं मला सुचलं नाही.

सोळाव्या दिवशी वडिलांच्या माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला. आम्ही पावडर लावली. चार दिवसांनी कातडी गेली. आठवड्यात तिथे सुपारीएवढा खड्डा पडला. जखम बांधायला घरी आलेल्या नर्सने मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते जन्मभर विसरणार नाही. बोटाने दाबून सोडल्यावर जो लालपणा पांढरा पडत नाही, ती जखमेची पहिली पायरी असते. तिथेच थांबवायचं असतं. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवायची, टाचा अधांतरी राहतील असं बघायचं. ओढायचं नाही, खालच्या चादरीसकट उचलायचं. ओढलं की आतून कातडी फाटते. आम्ही तिघे मिळून रोज त्यांना बगलेत हात घालून वर ओढत होतो. मायेने.

आणि सदरा! लुळा हात असलेल्या माणसाला सदरा घालताना आधी लुळा हात घालायचा, काढताना आधी चांगला हात काढायचा. एवढंच. दोन महिने आम्ही उलटं करत होतो आणि वडील कण्हत होते. आम्हाला वाटायचं, स्वभाव चिडका झालाय. खुर्चीत बसवायचं तर चांगल्या बाजूकडे वळवून बसवायचं. जेवताना पाठ ताठ हवी आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली. आम्ही ती सोयीसाठी उशाला टांगली होती.

हे सगळं ज्ञान आहे. पुस्तकात छापलेलं, हाताने सरावाचं, काही महिन्यांत शिकता येणारं. बी.ए.च्या तीन वर्षांत मी जे शिकलो त्याने वडिलांच्या पाठीवरची एक इंचही कातडी वाचली नाही. आणि हे ज्ञान कमवायला निघालेल्या मुलीला मी रविवारची सुट्टी मोडून सांगायला गेलो होतो, की बाय, त्यापेक्षा फायली लाव.

इथून पुढे माझं भांडण तुमच्याशी आहे, वाचकहो. माझ्याशीही आहे, पण मी एकटाच कशाला शिव्या खाऊ?

पहिली गोष्ट लाजेची. डिचोलीच्या त्या सोप्यावर लाज वाटली. पण त्याच वाड्यावरचा एक मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला गेला आणि तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या गोऱ्यांची लंगोटं बदलतो. त्याचा फोटो सोप्यावर फ्रेम करून लावलाय. गावी आला की देवळात त्याला श्रीफळ मिळतं. त्याचं अभिनंदन असो, मेहनतीचा पोर आहे. पण मला एवढंच समजत नाही, की गोऱ्याची विष्ठा पवित्र आणि फोंड्याच्या म्हाताऱ्याची अपवित्र, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? लाज कामाची वाटत असती, तर स्विंडनमध्येही वाटली असती. आपल्याला लाज वाटते ती रुपयांत मिळणाऱ्या पगाराची आणि ओळखीच्या डोळ्यांची.

आणि ती परदेशाची वाटही आता बुजली. ब्रेक्झिटनंतर, २०२० च्या अखेरीस, पोर्तुगीज पासपोर्टवर सरळ इंग्लंडात जाऊन कामाला लागण्याची मुभा संपली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने केअर वर्करांसाठी व्हिसा खुला केला, तेव्हा किती जणांनी एजंटांच्या पायऱ्या झिजवल्या. मार्च २०२४ पासून त्या व्हिसावर बायकोमुलांना नेणं बंद झालं. जुलै २०२५ मध्ये बाहेरून नव्या केअर वर्करांची भरतीच थांबवली. म्हणजे आता हे काम इज्जतीने करायचं तर इथेच करावं लागणार, आणि इज्जत आपणच द्यावी लागणार. पंचाईत झाली खरी.

दुसरी गोष्ट "सेवा" ह्या शब्दाची. मराठी माणसाला हा शब्द फार आवडतो. माझ्या भाचीचा निर्णय कळल्यावर ज्या दोन-तीन नातेवाइकांनी पाठिंबा दिला, त्यांनीही "रुग्णसेवा ही ईश्वरसेवा" असं म्हणूनच दिला. हा पाठिंबा मला विरोधापेक्षा जास्त खटकला. कारण एकदा सेवा म्हटलं की पगाराचं बोलणं अशिष्ट ठरतं. "पैशासाठी करतेस का गं?" हो, पैशासाठीच करते! मीसुद्धा शासकीय सेवेत आहे. माझ्या सेवेला वेतनश्रेणी आहे, महागाई भत्ता आहे, अर्जित रजा आहे. माझी एक सेवापुस्तिका आहे, तिच्यात मी कधी रुजू झालो, कधी वेतनवाढ मिळाली, किती रजा शिल्लक, सगळं शाईने नोंदलेलं आहे आणि साहेबाची सही आहे. माझ्या सेवेला कुणी ईश्वरसेवा म्हणत नाही, आणि त्याबद्दल मी ईश्वराचा आभारी आहे.

झारखंडची ती पोर आमच्या घरात सात महिने राहिली. रात्री दर दोन तासांनी उठायची, हे त्या नर्सने शिकवल्यावर एकदाही चुकली नाही. सात महिन्यांत तिला किती सुट्ट्या मिळाल्या? मी मोजून सांगतो, तीन. त्यातली एक तिला ताप आला म्हणून. मी स्वतः कामगार-हक्कांवरचे अग्रलेख वाचणारा माणूस. शनिवार-रविवारची सुट्टी घेणारा. माझ्या घरात हे चाललं होतं आणि मला ते दिसलं नाही, कारण आम्ही तिला "घरच्यासारखी" मानत होतो. घरच्यासारखी हा शब्दही सेवेच्याच गोत्रातला. तिची कुठेच नोंद नव्हती. ना पंचायतीत, ना आरोग्य खात्यात, ना कामगार खात्यात. ती आली आणि गेली, कागदावर काही नाही. कारकुनाच्या मनाला हे फार लागलं, हसू नका.

आपल्याकडे मोटारसायकल पायलटला परवाना लागतो. पुढचा मडगार्ड पिवळा असल्याशिवाय आपण त्याच्या मागे बसत नाही. म्हापशाहून पर्वरीला जायचं तर एवढी चौकशी, आणि बोलता न येणाऱ्या बापाला ज्याच्या हाती द्यायचं, त्याला काय येतं हे विचारायचं नाही?

१९८७ साल आपल्याला चांगलं आठवतं. ज्यांना आठवत नाही त्यांना घरच्यांनी सांगितलेलं असतं. फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, ३० मे रोजी घटक राज्य झालं. त्या वर्षी आपण भाषेवरून एकमेकांची डोकी फोडून नुकतेच मोकळे झालो होतो, आणि अजूनही तो वाद आम्ही मराठीवाले आणि कोकणीवाले हौसेने घालतो. मीही घालतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने एक कायदा केला. सरकारी विम्याचा पैसा घेणाऱ्या शुश्रूषागृहात जो कोणी रुग्णाचं अंगावरचं काम करील, त्याचं निदान ७५ तासांचं शिक्षण झालेलं असलं पाहिजे. त्यातले पहिले १६ तास रुग्णाला हात लावण्याआधीचे, ज्यांत संसर्ग कसा टाळावा ह्याबरोबर रुग्णाचे हक्क काय, हेही शिकवायचं. मग परीक्षा, लेखी किंवा तोंडी, आणि प्रत्यक्ष करून दाखवायची. पास झालं की राज्याच्या नोंदवहीत नाव. चार महिन्यांत हे झालं नाही तर कामावर ठेवता येत नाही. आणि दर वर्षी १२ तासांची उजळणी. कॅलिफोर्नियासारखी राज्यं ह्याच्या दुपटीहून जास्त तास मागतात. कुणी रुग्णाला मारलं, लुबाडलं, तर तेही त्याच नोंदवहीत चढतं.

अमेरिका म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. तिथेही ह्या कामाचा पगार तुटपुंजा आहे, पाठी मोडतात, माणसं टिकत नाहीत. पण तिथे निदान कुणी "नर्स पाठवतो" म्हणून पोरवडा सांभाळणारी मुलगी पाठवली तर त्याला विचारणारा कायदा आहे. आपल्याकडे कोर्स आहे, प्रमाणपत्र आहे. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली तेव्हापासून जनरल ड्यूटी असिस्टंट, होम हेल्थ एड ही नावं शिक्षणाच्या यादीत आहेत. पण ते प्रमाणपत्र असलेली मुलगी आणि नसलेली मुलगी ब्यूरोच्या लेखी सारखीच, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही आणि मी. उलट तिला सांगतात, इंजेक्शनही देऊन टाक, नाकातली नळीही बसव. हे तिचं काम नव्हे. तिचं नाव परिचर्या परिषदेत नाही, ती नर्स नाही, आणि "हे मी करणार नाही, नर्सला बोलवा" असं म्हणणं हा तिच्या शिक्षणाचाच भाग आहे. असं म्हणणारी मुलगी आपल्याला उद्धट वाटते.

मास्तरांचं "आपल्यातल्या मुलींचं नव्हे" हे वाक्य मी मुद्दाम शेवटी घेतोय, कारण त्याला हात लावला की बोट भाजतं. मास्तर जातीबद्दल बोलत होते. तोंडाने म्हणाले नाहीत, पण सोप्यावरच्या प्रत्येकाला कळलं. मलमूत्राचं काम कुणी करायचं हे आपण फार पूर्वी जन्मावरून ठरवून ठेवलं. आता ती यादी उघडपणे वाचता येत नाही, म्हणून झारखंड, ओडिशा, उत्तर कर्नाटक अशी नवी यादी केली आहे. शिवाय ह्या "भायल्या" लोकांनी गोवा बिघडवला म्हणून सभेत भाषणंही करायची. सभेला जाताना आईला कुणाकडे सोपवून जायचं, तर भायलीकडेच.

एक हिशेब सांगतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे लोक शेकडा ८.६ होते. गोव्यात ११.२. केरळ सोडलं तर मोठ्या राज्यांनाही आपण मागे टाकलं होतं. त्यानंतर दीड दशक उलटलं, म्हातारे वाढले असणार, पोरं बंगळुरूला, आखातात, बोटीवर. फोंडा तालुक्यातल्या कुठल्याही वाड्यावर संध्याकाळी फिरा. मोठं घर, पुढे तुळस, आत एक पिवळा दिवा आणि दोन माणसं, त्यातलं एक अंथरुणावर. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० येतात, औषधांना पुरत नाहीत. त्या घरात शिकलेले दोन हात हवे आहेत. दुसरीकडे साखळीत, पेडण्यात, काणकोणात बारावी झालेल्या मुली एल.डी.सी.च्या जाहिरातीची वाट बघत घरी बसल्या आहेत. मूठभर जागा, हजारो अर्ज. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरीसाठी लाखो रुपये मोजून फसलेल्यांची प्रकरणं पोलिसांपर्यंत गेली, ती तुम्ही वाचलीत. मी सरकारी नोकर आहे, ह्याहून जास्त लिहीत नाही. पण खुर्चीसाठी दागिने गहाण टाकणाऱ्या आई-बापांना मुलीच्या हातातली कला दिसत नाही, एवढं तरी म्हणू द्या.

मेव्हण्यांची एक भीती मात्र खोटी नव्हती. ते सर्वांत शेवटी, हळू आवाजात बोलले. "परक्या घरात रात्रीची राहील. कुणी काही केलं तर?" ह्यावर सोप्यावर कुणी हसलं नाही, मीही नाही. २०१३ च्या कायद्यात घर हेसुद्धा कामाचं ठिकाण धरलेलं आहे, आणि घरात काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लैंगिक छळाची तक्रार करता येते. मी हे सांगितलं. पण ही समिती कुठे बसते हे कुठल्या ब्यूरोने आपल्या मुलींना सांगितलंय? ज्याने महिना ८,००० कापून घेतले, त्याने निदान एक कागद तरी द्यावा. कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, काय काम करायचं, काय नाही, अडचण आली तर कुणाला फोन. तो कागद सरकारने सक्तीचा करावा, ब्यूरोंची नोंदणी करावी, ह्या मुलींची नोंदवही ठेवावी. मनुष्यबळ नाही असं खातं म्हणेल. नोंदवही ठेवायला कारकून लागतात ना? त्या हजारो अर्जांतले चार घ्या.

भाचीला मी काय उत्तर दिलं? काहीच दिलं नाही. चहा प्यालो. मग विचारलं, कोर्सची फी किती. निम्मी मी भरली. वडिलांच्या जखमेच्या मानाने स्वस्त पडली.

कोर्स झाला. मडगावच्या एका खाजगी हॉस्पिटलात ती आता पुरुषांच्या वॉर्डात आहे, बारा तासांची पाळी. पगार तुटपुंजा आहे, त्यावरून माझा आणि तिचा वाद होतो. ती म्हणते वर्षभर हात बसू दे, मग ए.एन.एम.ला अर्ज करते. बहीण लोकांना अजून "नर्सिंगला आहे" असंच सांगते. मी एका लग्नात चारचौघांत ते दुरुस्त केलं, तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

पहिल्या चतुर्थीला भाची घरी नव्हती. माटोळी बांधताना थोरले म्हणाले, सणाला पोर घरात नाही, हे काही बरं नव्हे. मी म्हटलं, वॉर्डातले रुग्ण माटोळी बघायला घरी गेले नाहीत, म्हणून तीही आली नाही. आरतीनंतर ते मला अंगणात घेऊन गेले. त्यांच्या सासूबाई म्हार्दोळला पडून आहेत, खुब्याचं हाड मोडलंय. "तुझ्या भाचीला विचार की रे, कोण बरी बाय मेळत जाल्यार. वळखीची. पयशे चडशे मागपाची न्हय."

मी त्यांना तिचा नंबर दिला. म्हटलं, तुम्हीच विचारा. पगाराचंही तिलाच विचारा. आठ दिवस झाले, अजून त्यांनी फोन केलेला नाही.